अर्धशिशीला फिटची गोळी दिली, आता काय करू?

चोपडा तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय. पत्नी सत्तावीस वर्षांची, चार-पाच वर्षांपासून अर्धशिशी. महिन्यातून आठ-नऊ वेळा डोकं उठतं, उलट्या होतात, दार-खिडक्या लावून पडून राहावं लागतं. जळगावला दाखवलं. डॉक्टरांनी टोपिरामेट २५ मिलिग्रॅम रात्री एक आणि पुढे हळूहळू वाढवायची असं लिहून दिलं. मेडिकलवाल्यानं पाकीट देता देता विचारलं, "घरात फिट कोणाला येतात?" नेमकी आई सोबत होती. तेव्हापासून घरात कुजबुज चालू आहे, सुनेला मिरगी आहे आणि माहेरच्यांनी लपवलं, इथपर्यंत गोष्ट गेली. त्यात वहिनींच्या हातापायांना मुंग्या येतात, सोडा प्यायला तर नुसत्या पाण्यासारखा लागला. भाऊंचा प्रश्न: ही गोळी चालू ठेवायची की बंद करायची? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, पोरगी तीन वर्षांची झाली, आता दुसऱ्याचा विचार चालू आहे.

भाऊ, मिरगीचा संशय आणि मुंग्या या दोन्हींचं उत्तर सोपं आहे, ते देतोच. पण तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. खरा प्रश्न तिथं आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

आधी मिरगीचं मिटवून टाकू. एक गोळी दोन आजारांना चालते म्हणून ते दोन आजार एक होत नाहीत. ॲस्पिरिन डोकेदुखीलाही देतात आणि हार्ट अटॅक आलेल्यालाही देतात, म्हणून डोकं दुखणारा माणूस हृदयरोगी ठरत नाही. टोपिरामेटची जन्मकथा तर आणखी गमतीची आहे. १९७९ साली अमेरिकेतले ब्रूस मॅरिअनॉफ नावाचे रसायनशास्त्रज्ञ मधुमेहावरचं औषध शोधत होते. त्या खटाटोपात फळातल्या साखरेपासून, म्हणजे फ्रुक्टोजपासून, हा रेणू तयार झाला. मधुमेहासाठी तो कामाला आला नाही, पण त्याची ठेवण फिटवरच्या एका जुन्या औषधाशी जुळत होती, म्हणून त्या अंगानं तपासला आणि तिथं तो चालला. अमेरिकेत १९९६ ला फेफऱ्यासाठी आणि २००४ ला अर्धशिशी टाळण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. तेव्हा अर्धशिशीसाठी टोपिरामेट लिहिणं हा कुणाचा प्रयोग नाही. आणि हो, साखरेपासून बनलेली असली तरी गोळी कडूजहर आहे. ती फोडून-चघळून घेऊ नये, आख्खी गिळावी.

एकच गोळी दोन्हीकडे का चालते, तर दोन्ही आजारांत मेंदूच्या पेशी लवकर भडकतात. फेफऱ्यात पेशींचा एक मोठा गट एकदम, एका ठेक्यात पेटतो; डीपीवर अचानक लोड येऊन अख्ख्या गावाची लाईन जावी तसं. अर्धशिशीत बऱ्याच जणांच्या मेंदूवरून एक संथ लाट सरकते, मिनिटाला जेमतेम काही मिलिमीटर. काहींना डोळ्यापुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा दिसतात ना, ती हीच लाट, डोक्याच्या मागच्या बाजूनं निघालेली. टोपिरामेट पेशींचा हा भडकूपणा कमी करतं. चालू झालेलं डोकं ते थांबवत नाही. ते रोज घ्यायचं असतं, दुखो वा न दुखो.

हे आईंना सांगा, आणि शक्य असेल तर पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांसमोर बसवा. मुलानं सांगितलेलं आईला सहसा पटत नाही, डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं पटतं. पण आईंना दोष देऊ नका. फेफऱ्याची भीती आपल्याकडे किती खोल आहे ते मी रोज बघतो. आजही फिट आली की नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतात. आपल्या हिंदू विवाह कायद्यातसुद्धा वेडाचे आणि फेफऱ्याचे वारंवार झटके एकाच ओळीत बसवलेले होते. १९९९ च्या दुरुस्तीनं फेफरं तिथून काढलं. कायद्यातून निघालं, पण घराघरातून निघायला वेळ लागतोय.

त्या भीतीपायी काय होतं त्याचं एक उदाहरण सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, माझीच पेशंट. फिटसाठी टोपिरामेट १०० सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं एकही झटका नाही. लग्न ठरलं, सासरी काही सांगितलं नाही. गोळ्या कानातल्यांच्या डबीत लपवून नेल्या. पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या, आणायला सांगणार कुणाला? तिसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकरी थापताना फिट आली, ती थांबेना, शुद्धीवर यायच्या आत दुसरी. माझ्याकडे आणली तेव्हा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला आणि पीठ अजून बोटांना चिकटलेलं होतं. फिटची कुठलीही गोळी, टोपिरामेट असो की दुसरी, एकदम तोडली की झटके उलटून येतात, कधी एकामागून एक येऊन जिवावर बेततं.

आता तुमच्या घरातली गोळी बघा. तेच नाव, तसंच पाकीट. पण अर्धशिशीसाठी २५ किंवा ५० वर असलेल्या बाईनं ती सोडली तर काय होईल? बहुतेक वेळा फक्त डोकेदुखी परत येईल. तीही मी एकदम सोडायला सांगत नाही, आठवड्याला २५ नं उतरवतो, कारण फिट नसलेल्यालाही एकदम तोडल्यावर क्वचित झटका येऊ शकतो. शेजारीपाजारी, मेडिकलवाले आणि घरचे सगळे इथंच घोळ घालतात. फिटवाल्याला म्हणतात, "बरं वाटतंय तर सोड," आणि अर्धशिशीवालीला म्हणतात, "ती फिटची गोळी आहे, कधीच सोडता येत नाही." दोन्ही उलटं.

दिवस राहण्याच्या बाबतीतही गोळी एक आणि सल्ला वेगळा. म्हणून म्हटलं, तुमची शेवटची ओळ महत्त्वाची आहे.

पोटातल्या बाळासाठी टोपिरामेट चांगलं नाही. ते घेत असताना दिवस राहिले तर बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेला असण्याची शक्यता वाढते. एरवी हजारात एक-दोन बाळांना होतं, इथं शंभरात साधारण एकाला. बाळ वजनानं कमी भरण्याचं प्रमाणही वाढतं. पुढे मुलाच्या वाढीत, बोलण्या-शिकण्यात अडचणी येण्याचा धोकाही वाढतो असं अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं, त्यावरून २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या नियामकांनी मूल होऊ शकणाऱ्या बायकांसाठी कडक नियम केले: अर्धशिशीसाठी असेल तर गरोदरपणात नाहीच, आणि गोळी चालू असेपर्यंत पक्कं गर्भनिरोधक हवंच. ओठ आणि टाळू जुळून येतात ते पहिल्या अडीच महिन्यांत. आपल्याकडे पाळी चुकली, थोडी वाट पाहिली, मग दवाखाना, असं करत तेवढे दिवस निघून जातात. "दिवस राहिले की बंद करू" हा हिशेब म्हणून चालत नाही.

तेव्हा भाऊ, येत्या सहा-आठ महिन्यांत मूल हवं असेल तर वहिनींसाठी हे औषध योग्य नाही. तुमच्या डॉक्टरांनी हे विचारलं नसेल, किंवा विचारलं असेल आणि वहिनी सासूसमोर बोलल्या नसतील. माझ्या ओपीडीत हे दुसरं जास्त होतं. बाई मान खाली घालून बसते आणि "काही विचार आहे का?" या प्रश्नाचं उत्तर नवरा नाहीतर सासू देते. म्हणून हा प्रश्न मी हल्ली बाकीच्यांना बाहेर बसवून विचारतो.

आणि पाळी आधीच चुकलेली असेल तर? त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अर्धशिशीसाठी असेल तर ते बंदच करायला सांगतील. फिटसाठी असेल तर मात्र स्वतःहून एक गोळीसुद्धा चुकवायची नाही, कारण मोठी फिट आई आणि बाळ दोघांना धोक्याची. तिथं डॉक्टर तोलून-मापून ठरवतात.

मूल इतक्यात नको, वर्ष-दोन वर्षं थांबायचं असेल, तर गोळी चालू ठेवायला माझी हरकत नाही. फक्त कशाच्या भरवशावर थांबणार ते सांगा. टोपिरामेटचा डोस जास्त असेल, दिवसाला २०० च्या पुढे, तर गर्भनिरोधक गोळीची ताकद कमी पडते. अर्धशिशीच्या डोसला परिणाम थोडा असतो, तरी मी त्यावर विसंबत नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर. डोकं उठण्याआधी वहिनींना डोळ्यापुढे चमकत्या रेषा दिसतात का, एका बाजूला अंधार येतो का, हात किंवा ओठ बधिर होतो का? तसं होत असेल तर माला-डी सारखी इस्ट्रोजेन असलेली गोळी त्यांनी घेऊच नये, मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवा होण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा कॉपर-टी बरी. सरकारी दवाखान्यात फुकट बसते आणि टोपिरामेटशी तिचा काही संबंध येत नाही.

आता मुंग्या आणि सोडा. टोपिरामेट शरीरातल्या कार्बोनिक अनहायड्रेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) थोडं दाबून ठेवतं. बोटांना, तळपायांना, कधी ओठाभोवती मुंग्या येतात त्या त्यामुळं, आणि सोड्याची किक जिभेला कळते तीही याच विकरामुळं. ते दबलं की गोटी सोडा फिका लागणारच. अमळनेर-पारोळ्याकडच्या आजीबाई येतात, म्हणतात, "डाक्टर, हातले मुंग्या येतस." मी विचारतो, हातातली वस्तू पडते का, एकाच बाजूला येतात का? नाही म्हटल्या तर घाबरायचं कारण नाही, बहुतेकांच्या काही आठवड्यांत कमी होतात. एकाच बाजूला बधिरपणा किंवा ताकद कमी वाटली तर मात्र लगेच दाखवायचं. भूकही कमी होते, वजन उतरतं. अंगानं भरलेल्या बाईला ते आवडतं. आधीच हडकुळ्या, रक्त कमी असलेल्या बाईला मी म्हणून ही गोळी सहसा देत नाही.

त्याच विकराचा तिसरा परिणाम आपल्या खानदेशात सगळ्यात जास्त सांभाळायचा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात तो एका ओळीत उरकलेला असतो. लघवीत खडे होऊ न देणारं सायट्रेट असतं, ते कमी होतं, त्यामुळं मुतखडा व्हायची शक्यता वाढते. शिवाय काहींचा घाम कमी होतो. पुण्यात घाम थोडा कमी आला तर फरक पडत नाही. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा घाम हाच आपला कूलर. एका जिनिंग मिलमधल्या मजुराचा सात वर्षांचा मुलगा मे महिन्यात आणला होता, चार दिवस ताप, पॅरासिटामॉलच्या बाटल्या रिकाम्या. मी पोराच्या पाठीवरून हात फिरवला. तव्यासारखी गरम आणि कोरडी ठाक, बनियन सुद्धा सुकं. बाहेर त्याचा बाप घामानं निथळत होता. ताप नव्हताच तो, पत्र्याच्या खोलीत दुपारभर पोर तापत होतं आणि घाम येत नव्हता. फिटसाठी महिन्याभरापूर्वी टोपिरामेट वाढवलेलं. ओल्या फडक्यानं पुसलं, पंख्याखाली ठेवलं, तासाभरात उतरलं. नंतर औषध टप्प्याटप्प्यानं बदललं. लहान मुलांत हे जास्त दिसतं, मोठ्यांत कमी, पण तेव्हापासून अर्धशिशीच्या पेशंटला शक्यतो मार्च ते मे मध्ये मी टोपिरामेट नव्यानं चालू करत नाही. पाऊस पडू देतो. फिटवाल्याला तसं थांबवता येत नाही, तिथं घरच्यांना घाम बघायला शिकवतो.

पाण्याचं तर विचारूच नका. लोक बोअरच्या क्षाराला दोष देतात, पण शेतात जाणाऱ्या बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण आडोसा नसतो. सकाळी निघताना एक तांब्या, संध्याकाळी घरी आल्यावर दुसरा. अशा बाईला हे औषध म्हणजे मुतखडा करणारी गोळीच दिल्यासारखं होतं. मी लिटरचा हिशेब सांगत नाही, रंग सांगतो: लघवी फिक्या लिंबाच्या रंगाची राहिली पाहिजे, हळदीच्या पाण्यासारखी झाली की पाणी कमी पडलं. दिवसातून एक-दोन वेळा लिंबूपाणी घ्या, लिंबातून सायट्रेट मिळतं. वहिनींना किंवा त्यांच्या आई-वडिलांना आधी मुतखडा झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

ज्यावर बाहेर कोणी बोलत नाही असा एक त्रास म्हणजे शब्द हरवणं. केळीचा एक व्यापारी माझ्याकडे होता, तोंडी हिशेबात पक्का. डोस शंभरवर नेल्यावर म्हणाला, "साहेब, डोकं दुखत नाही, पण काल गाडी लावून उभा होतो आणि 'कटाई' हा शब्दच आठवेना. मजूर माझ्या तोंडाकडे बघत राहिले." वय पन्नास, त्याला वाटलं आपण म्हातारे झालो. डोस पन्नासवर आणला, पंधरा दिवसांत शब्द जागेवर आले. असं झालं तर ते गोळीचं आहे, बुद्धीचं नाही, आणि डोस उतरवला की जातं. डोस सावकाश वाढवला तर बऱ्याचदा होतही नाही. मी आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी २५ वाढवतो, आणि अनेकांना १०० च्या आतच पुरतं. चिडचिड, उदासपणा, नको ते विचार येणं, हेही या गोळीनं होऊ शकतं. घरच्यांनी त्याला "नखरे" म्हणू नये.

एकाच गोष्टीला मी रात्री बारा वाजताही फोन करायला सांगतो: पहिल्या महिन्याभरात अचानक दोन्ही डोळ्यांना धूसर दिसायला लागलं, डोळे दुखायला, लाल व्हायला लागले तर. डोळ्यातला दाब एकदम वाढलेला असू शकतो. अर्धशिशीच्या पेशंटची पंचाईत अशी की डोळ्यामागचं दुखणं तिच्या ओळखीचं असतं, ती नेहमीची गोळी घेऊन झोपते. दुखणं नेहमीचं आणि दिसणं धूसर, असं असेल तर झोपायचं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

परिणामाबद्दल थोडक्यात. पूर्ण डोसवर आल्यावर दोन महिने झाल्याशिवाय गोळी लागू पडली की नाही हे ठरवू नये. अभ्यासांत साधारण निम्म्या लोकांचे झटके निम्म्यावर आले, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तेवढा फायदा झाला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोकं उठलं त्या तारखेला फुली आणि दुखण्याची गोळी घेतली त्या तारखेला गोल करा. गोल महिन्यात दहा-पंधराच्या वर गेले असतील तर दुखण्याच्या गोळ्याच डोकेदुखी वाढवतायत, आणि मग टोपिरामेट काय, कुठलंच औषध नीट चालत नाही. वहिनी मेडिकलवरून सुट्या गोळ्या घेतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बघा जरा.

आता मूल हवं असेल तर पुढे काय? डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की दुसऱ्याचा विचार आहे, दुसरं काही देता येईल का. ते टोपिरामेट उतरवतील. गोळी अंगातून काही दिवसांत निघून जाते, तरी एखादी पाळी नीट होऊन जाऊ द्यावी असं माझं मत. पर्यायांत प्रोप्रानोलॉल आहे, दमा असेल तर चालत नाही. ॲमिट्रिप्टिलिन आहे, त्यानं झोप येते. या दोन्हींचा गरोदरपणातला अनुभव बराच जुना आहे, तरी गरज असेल तरच आणि कमीत कमी डोसला. टोपिरामेट नको म्हणून कोणी व्हॅल्प्रोएट दिलं तर घेऊ नका, ती आगीतून फुफाट्यात जायची वाट आहे, बाळासाठी ते याहून वाईट. आणि एक चांगली बातमी: बऱ्याच बायकांची अर्धशिशी तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर आपोआप कमी होते. पोरीच्या वेळी कसं होतं ते वहिनींना विचारा, त्यावरून पुष्कळ कळेल.

आखाजी (अक्षय तृतीया) पंधरा दिवसांवर आहे, वहिनी माहेरी जातील. त्याआधीच डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना गोळ्यांची स्ट्रिप, ते फुल्या-गोलांचं कॅलेंडर आणि आईंना सोबत न्या. मात्र "मूल कधी हवं" हा प्रश्न निघेल तेव्हा आईंना बाहेरच्या बाकावर बसवा, आणि उत्तर वहिनींना देऊ द्या.